सहा दिवसांचा अंधार

एका नदीकाठच्या गावात कोंडाजी नावाचा एक रंगारी राहत होता. त्याने रंगवलेलं लुगडं फाटायचं, पण विटायचं नाही. हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

त्याच्या गालावर गाठ आली. आधी वाटाण्याएवढी, मग लिंबाएवढी. मग फुटून वाहू लागली. लेप झाले, नवस झाले. शेवटी बायकोने, येसाईने, लांबच्या गावाहून एका म्हाताऱ्या वैद्याला आणवलं.

वैद्याने त्याला हिरवट काळा रंग पाजला. म्हणाला, हा रंग अंधारात कुणाचं वाईट करत नाही, पण उजेड पडला की ज्या मांसात असेल त्याला आतून मारतो. आज तो अंगभर भिनेल. चांगलं मांस त्याला हळूहळू सोडून देईल, गाठ मात्र धरून बसेल. म्हणून सहा दिवस अंधाऱ्या खोलीत राहायचं, नखावरसुद्धा ऊन पडू द्यायचं नाही. सातव्या दिवशी मी येईन आणि भिंगातून फक्त गाठीवर ऊन पाडीन. चाकू लागायचा नाही.

कोंडाजी दोन दिवस बसला. तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं चालू लागलं, आणि रिकामं डोकं भल्या वाटेनेच जातं असं नाही. उन्हानेच गाठ मरणार, तर थांबायचं कशाला? तिची मुळं अंगात कुठवर गेलीत कुणी पाहिलंय? सगळ्या अंगाला ऊन द्यावं, सगळीच मरतील.

"चाळीस वर्षं रंग उन्हात वाळवतोय मी. आता वैद्य मला रंग शिकवणार?"

येसाई दारात आडवी उभी राहिली. "अहो, नवं लुगडं धुतल्याशिवाय नेसू नका, कच्चा रंग अंगाला लागतो, हे गिऱ्हाइकांना कोण सांगतं? तुम्हीच ना? मग तुमच्या अंगातला कच्चा रंग नको निघायला?"

उत्तर नसलं की पुरुष आवाज चढवतो, तसा त्याने चढवला. तिला बाजूला सारलं आणि भर दुपारी, उघड्या अंगाने, जिथे कापडं वाळत घालायचा त्या वाळूत जाऊन बसला.

संध्याकाळपर्यंत अंगभर फोड आले. डोळे सुजून मिटले. हातांची कातडी सुटू लागली. येसाईने त्याला केळीच्या पानांवर निजवलं. गाठ उतरली का, एवढंच तो रोज विचारायचा.

सातव्या दिवशी वैद्य आला. त्याने गाठ दाबून पाहिली. ती सुकून कोळसा झाली होती.

"गाठ मेली," तो म्हणाला.

"मग हे जगतील?" येसाईने विचारलं.

"बाई, ते सहा दिवस गाठीसाठी नव्हते. ऊन लागलं की गाठ कधीही मेली असती. ते बाकीच्या माणसासाठी होते."

कोंडाजीने हे ऐकलं. दोन दिवसांनी तो गेला. गाठ गळून पडली होती, गाल साफ होता.

तात्पर्य: वाईटाला मारणं सोपं असतं, चांगलं वाचवून वाईट मारायला धीर लागतो. तो धीर अंगी नसेल, तर आपली हुशारी औषधापासून लांब ठेवावी.