साहेबांचा कागद आणि ताईंची भिंत

कुमुदताई खैरमोडे स्वमग्न मुलांचा बालवर्ग चालवत. भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावाखाली दिवसभराची चित्रं ओळीने लावलेली असत: गाणं, मणी, डबा, घर. एक काम संपलं की मूल त्याचं चित्र टोपलीत टाकी आणि शांतपणे पुढच्या कामाकडे वळे.

वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला पाडळकर साहेब तपासणीला आले. भिंत पाहताच म्हणाले, "हे कसले लाड, ताई? पुढे काय, ते चित्रात बघून मुलं कधी शिकणार? काढा सगळं, नाहीतर शेरा वाईट जाईल."

"बरं साहेब. आधी चहा घ्या."

"आत्ता?"

"मग पालकांना भेटा. की जेवूनच घेताय?"

साहेबांनी खिशातून दौऱ्याचा छापील कागद काढून फडकवला. "अहो, अकराला तपासणी, साडेअकराला चहा, बाराला पालक! असं ऐनवेळी बदललं की माणसाचं डोकं फिरतं!"

"फिरणारच, साहेब," ताई हसून म्हणाल्या. "तुम्ही पन्नाशीचे, ही मुलं पाच वर्षांची. तुमची भिंत खिशात मावते, एवढाच फरक."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. खुर्ची ओढून त्यांनी तासभर एकेका मुलाचं काम पाहिलं आणि शेरा लिहिला: 'वर्ग उत्तम. चालू ठेवावा. चित्रे काढू नयेत.'

त्यांनी पेन बंद करताच छोट्या ईश्वरीने दौऱ्याचा कागद उचलला आणि टोपलीत टाकला. काम संपलं होतं ना!

साहेब खो खो हसले. "आता पुढे काय, ते चित्रातच दाखवा, ताई!"