माणखारचा बारमाही गोठा

या, आत या. भर एप्रिलात देवळात नाताळचा गोठा मांडलेला बघून तुम्ही थबकलात. सगळेच थबकतात. इतर गावांत तीन राजांचा सण झाला की गोठा उतरवतात, पुतळे गवतात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. आमच्या माणखारला तो बारा महिने उभा असतो. बाळ येशू सोडून एकवीस पुतळे आहेत, पुरुषभर उंचीचे, सगळे हाताने कोरलेले. हात लावा, चालेल.

या देवळाची घंटा मी चाळीस वर्षं वाजवली. आजोबांनी मला सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो.

फार पूर्वी गावात बस्त्याव नावाचा मिस्त्री होता. होड्या बांधायचा. त्याची बायको इसाबेल पहिल्या खेपेला तीन दिवस अडली. सुईणीनेही हात टेकले. तेव्हा बस्त्याव देवळाच्या पायरीवर जाऊन नवस बोलला, "दोन्ही जीव राख, मी तुझ्या जन्माचा अख्खा देखावा लाकडात उभा करीन." चौथ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

नवस फेडायला त्याला नऊ वर्षं लागली. होडीचं काम संपलं की तो ऐनाचा ओंडका पुढ्यात घ्यायचा. लाकूड इतकं जड, की एक पुतळा हलवायला सहा माणसं लागत. मरियामाता झाली, योसेफ झाला, मेंढपाळ, राजे, बैल, गाढव झालं. उंट मात्र त्याने जन्मात पाहिला नव्हता. ऐकीव माहितीवर कोरला, तो आखूड पायांचा आणि रुंद छातीचा निघाला. पोरं त्याला लांब मानेची म्हैस म्हणत. बस्त्यावला राग यायचा, पण दुसरा ओंडका नव्हता. बाळ येशू तेवढा त्याने फणसाच्या लाकडाचा केला, इसाबेलच्या मांडीवर मावेल एवढा.

नवव्या वर्षी, नाताळला आठ दिवस असताना, सगळे पुतळे देवळाच्या ओसरीत येऊन उभे राहिले. आणि त्याच आठवड्यात, अमावास्येला, अवकाळी वादळ उठलं.

तुम्ही येताना बांध पाहिलात ना? त्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला आमची शेतं, विहिरी, घरं, सगळी भरतीच्या पाण्याहून खाली. तेव्हा बांध नुसता मातीचा होता. भर दुपारी उधाण आलं आणि बांधाला खांड पडली. आधी हातभर, मग बघता बघता पाच हात. भात कापून खळ्यावर रचलेलं. विहिरींत एकदा खारं पाणी गेलं, की तीन वर्षं प्यायला थेंब नाही आणि शेतात दाणा नाही. गावच उठलं असतं.

लोकांनी मातीच्या पाट्या ओतल्या, घरांची दारं काढून आणली, बाजेवर बाज टाकली. पाणी सगळं उचलून नेत होतं. मिंगेल पाटील ओरडला, "जड काहीतरी पाहिजे! दगड नाहीत का कुठं?" या चिखलात दगड कुठले?

बस्त्यावला उत्तर ठाऊक होतं. म्हणे तो ओसरीकडे बघत नुसता उभा राहिला. इसाबेल त्याच्याजवळ आली.

"बघता काय? आणा त्यांना."

"नऊ वर्षं गं," तो म्हणाला. "आणि नवस आहे. देवाचं आहे ते."

"गाव बुडत असताना देव ओसरीत कोरडा बसेल काय?"

 बस्त्यावने दोर घेतला आणि मरियामातेच्या कमरेला स्वतःच्या हाताने बांधला. मग अख्खं गाव तुटून पडलं. सहा-सहा जणांनी पुतळे ओढत नेले आणि खांडीत उभे केले. दोन मेंढपाळ वाहून जाता जाता दोरांनी धरले. तेवढ्यात कुणीतरी उंट आडवा लोटला, आणि तो आखूड पायांचा, रुंद छातीचा उंट खांडीत असा बसला, जणू मापाने केलेला! त्याला टेकून राजे उभे राहिले, राजांना टेकून मेंढपाळ. पाठीमागून माणसांनी खांदे लावले. छातीएवढ्या गार पाण्यात बाया-पुरुष लाकडाला खांदा देऊन उभे होते. बाकीचे मागून माती ओतत होते. तिसऱ्या प्रहरी ओहोटी लागली. खांड बुजली होती. एकाही विहिरीत खारं पाणी गेलं नव्हतं.

त्या नाताळला ओसरीत फक्त बाळ येशू होता, पेंढ्यावर ठेवलेला. आई नाही, योसेफ नाही. मिस्सेच्या प्रार्थनेआधी इसाबेल पुढे गेली आणि मरियामातेच्या जागी गुडघे टेकून बसली. बस्त्याव तिच्या शेजारी उभा राहिला. मग पाटील राजाच्या जागी गेला, सुईण मेंढपाळांच्या. होता होता सगळं गाव गव्हाणीभोवती उभं राहिलं. पाद्री प्रवचन करायला उठले आणि, म्हणे, रडतच खाली बसले.

वैशाखात बाहेरून दगड आणून बांध पक्का केला आणि पुतळे उकरून काढले. चार महिने खाऱ्या चिखलात होते, पण एकवीसच्या एकवीस निघाले. एकालाही कीड नाही, चीर नाही. वाजतगाजत देवळात आणले. पुढच्या नाताळनंतर, रीतीप्रमाणे, पाद्री गोठा उतरवायला निघाले, तर पाटील आडवा आला.

"ज्यांनी समुद्र अडवला, त्यांना माळ्यावर कोंडायचं नाही, फादर."

तेव्हापासून हे इथून हललेले नाहीत.

आजही नाताळची मिस्सा संपली की गाव बँड लावून बांधावर जातं. भरतीकडे तोंड करून, खांद्याला खांदा लावून सगळे उभे राहतात आणि पाणी मागे फिरलं की एकच जल्लोष होतो. परगावचे पाहुणे हसतात, ओहोटी आपोआपच लागते म्हणतात. आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. रांगेत थोडं सरकून त्यांना जागा करून देतो.