चिमाकाकूची चोरी

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर होडीच धरावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. नांदवणे गावात चिमाकाकू नावाची एक बाई राहत होती. तिच्या हातात काय होतं कोण जाणे, पण तिनं खोचलेली काडी कधी मरत नसे. एकदा ती आपली टेकायची काठी चिखलात रोवून विसरली, तर आठ दिवसांत काठीला पालवी फुटली, असं म्हणतात. ती काठी काही मी पाहिलेली नाही. पण तिच्या घरामागच्या परड्यातला गुलाब, अनंत, जास्वंद, सगळं असं काड्याकाड्यांनीच वाढलेलं होतं, एवढं खरं.

काम ती फार निगुतीनं करी. काडी पेराखाली तिरपी कापायची, टोकाला राख चोळायची आणि मोरीकडच्या गारव्यात खोचायची. पडवळाचं, भेंडीचं बी राखेत घोळवून वाळक्या दुधीत भरायचं आणि चुलीवर धुरात टांगायचं. संध्याकाळी ती काड्यांशी गप्पा मारत बसे, आणि नवऱ्याशी बोलायचं राहून जाई.

पण काकूचा एक हेका होता. ती कुणाला काडी देत नसे. पूर्वी एकदा तिनं कुणालातरी अबोली दिली आणि महिन्याभरात तिची स्वतःची अबोली वाळली. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं की काडीबरोबर आपला हातगुणही जातो. गावाचंही एक मत होतं. मागून आणलेली काडी जगत नाही, चोरून आणलेली हमखास जगते. त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली. काकू देत नव्हती आणि गाव मागत नव्हतं. सकाळी तुटलेल्या फांद्या दिसल्या की काकू गावभरच्या शेळ्यांच्या नावानं शंख करी. फांद्या चांगल्या तिरप्या कापलेल्या असत, पण शेळीला कोयती धरता येत नाही, हे तिच्या कधी ध्यानात आलं नाही. शेजारणीही ओट्यावर येऊन शेळ्यांना शिव्या घालू लागत.

सरळ तोंडानं मागितलं ते एकीनंच. ती काकूची धाकटी जाऊ आवडी. तिचं घर शेजारीच, पण चढावर. काकूच्या विहिरीपाशी सायलीचा वेल होता. काकूच्या आईनं त्याची काडी केळीच्या खोडाच्या ओल्या सोपात गुंडाळून लग्नात तिच्या हाती दिली होती. पुढे आई गेली, माहेरचं घर मोडलं, मागं तेवढी सायली राहिली.

"वैनी, एक काडी द्या ना सायलीची," आवडी म्हणाली.

"ती कुनालाच द्यायची न्हाय," काकू म्हणाली, "आनि तुला तर न्हायच."

त्या शेवटच्या शब्दांवरून दोघींचं बोलणं बंद पडलं, ते बारा वर्षं.

मग एका वर्षी आषाढातल्या अमावस्येला खाडीला उधाण आलं आणि बांध फुटला. होड्या सखल भागातल्या परड्यांतून फिरल्या आणि जास्वंदीच्या फांद्यांत मासे अडकले, असं म्हणतात. खारं पाणी तिथं तीन दिवस उभं राहिलं, चढावरची परडी तेवढी कोरडी राहिली. उतरलं तेव्हा काकूच्या परड्यात सगळं करपलं होतं. चुलीवरच्या दुधीतलं बी तेवढं वाचलं. पडवळ, भेंडी पुन्हा आली असती, पण सायलीला बी कुठलं? काकूनं वेल नखानं खरवडून पाहिला. पेर न् पेर पाहिलं, पार मुळापर्यंत पाहिलं. हिरवं कुठेच नव्हतं. ती विहिरीच्या काठावर बसली आणि आई आजच गेल्यासारखी रडली.

दुसरा दिवस नागपंचमीचा. त्या दिवशी माती खणायची नाही, काही कापायचं नाही. गाव घरात बसून राहिलं आणि त्याला काकूचं रडणं ऐकावं लागलं. षष्ठीला सकाळी काकूच्या दारात रांग लागली. प्रत्येकाच्या हातात एकदोन काड्या आणि डोक्यावर डोंगरातल्या गोड्या मातीची टोपली.

"आमच्या शेळीनं आनून टाकली व्हती दारात," होडीवाला धाकू गुलाबाची काडी पुढे करत म्हणाला. "मी आपली खोचली."

"आनि ह्यो अनंत?" काकूनं विचारलं.

"त्यो पन शेळीनंच."

पुढचा म्हणाला, बोकडानं आणली. ज्यांच्याकडे शेळी नव्हती त्यांनी शेजाऱ्यांच्या शेळीचं नाव घेतलं. काकू रडता रडता हसायला लागली. दुपारपर्यंत परडं पुन्हा भरलं. सायली मात्र कुणी आणली नाही.

दिवस कलल्यावर आवडी आली. हातात काही नव्हतं.

"माज्याकडं शेळी न्हाय, वैनी," ती म्हणाली. "सायली मी चोरली. बारा वर्सं झाली."

"बारा वर्सं? आनि एक फूल दिसलं न्हाय तुज्या केसात?"

"माळलं आसतं तर तुमाला वास आला आसता. म्हनून रोज सांजेला कळ्या खुडत व्हते, उमलायच्या आदी."

काकूला आवडीचा राग यायला हवा होता, पण वाईट वाटलं ते स्वतःच्याच बोलण्याचं. दोघी चढ चढून गेल्या. आवडीच्या मागच्या पडवीवर वेल छपरापर्यंत पोचला होता. आवडीनं काडी कापायला कोयती उचलली, तेवढ्यात काकूनं तिचा हात धरला.

"थांब. दिलेली जगनार न्हाय. तू पाठ फिरव गो. मी चोरते."

आवडी पाठ फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, तिचं तिला ठाऊक. काकूनं काडी तिरपी कापली, पदराखाली घेतली आणि चवड्यांवर चालत घर गाठलं. त्या सांजेला आवडीनं कळ्या खुडल्या नाहीत. बारा वर्षांचा वास एकदम सुटला. खाडीतल्या होड्या वल्ही उचलून जागीच थांबल्या आणि सात दिवस गावात कुणाचं भांडण झालं नाही, असं म्हणतात.

काकूला जाऊन कैक पिढ्या झाल्या. नांदवण्यात अजून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी चिमाकाकूची चोरी असते. बायका परड्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसतात आणि मागं कितीही खुडबुड झाली तरी वळून बघत नाहीत. जिच्याकडून काहीच चोरीला जात नाही, ती दिवसभर फुगून बसते. आणि कुणाची सायली वाळलीच, तर "माजी सायली मेली" असं त्या गावात कुणी म्हणत नाही. "माजी सायली सध्या कुनाकडं हाय?" असं विचारत ती बाई घरोघर फिरते. मग कुठल्यातरी घरातली बाई उठते आणि पाठ फिरवून उभी राहते.