उर्वी बसली टिचकूच्या घरावर

एक होता खेकडा. नखाएवढा. त्याचं नाव टिचकू. टिचकू चालायचा कसा? तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका.

टिचकूचं घर वाळूत. घर म्हणजे एक गोल बीळ. दारही तेच, खिडकीही तीच.

एकदा टिचकू फिरायला गेला. परत येतो तर काय, घर गायब. घरावर बसली होती उर्वी. उर्वी आईबाबांबरोबर सुट्टीत समुद्रावर आली होती. एवढा मोठा किनारा मोकळा पडलेला, पण बाईसाहेबांना बसायला नेमकी हीच जागा सापडली.

वर आकाशात घार फिरत होती. घारीला खेकडे फार आवडतात. टिचकूला लवकर घरात शिरायचं होतं.

टिचकू म्हणाला, "उर्वीताई, उर्वीताई, ऊठ ना."

उर्वी म्हणाली, "आधी लाडू. मग उठेन."

टिचकू गेला उर्वीच्या आईकडे. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. आईच्या मांडीवर होता लाडवांचा डबा.

"उर्वी उठेना,
मी घरी जाऊ कसा?
उर्वीच्या आई, डबा उघडा ना."

आई म्हणाली, "बाबा बसले की उघडीन."

त्यांच्या घरची रीतच तशी. सगळे खाली बसल्याशिवाय डब्याचं झाकण निघायचं नाही. म्हणून तर उर्वी केव्हाची बसून होती.

टिचकू गेला बाबांकडे. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. बाबा उभेच. डोक्यावर चप्पल धरून.

"आई डबा उघडेना,
उर्वी उठेना,
मी घरी जाऊ कसा?
उर्वीचे बाबा, खाली बसा ना."

बाबा म्हणाले, "टोपी मिळाली की बसेन. माझं टक्कल तापलंय."

आणि टोपी कुठे होती? बकरीच्या डोक्यावर. दोन्ही शिंगांत घट्ट बसवलेली.

टिचकू गेला बकरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका.

"बाबा बसेनात,
आई डबा उघडेना,
उर्वी उठेना,
मी घरी जाऊ कसा?
बकरीबाई, टोपी दे ना."

बकरी म्हणाली, "सावली मिळाली की देईन. ऊन काय बाबांनाच लागतं?"

टिचकू गेला नारळाच्या माडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका.

"बकरी टोपी देईना,
बाबा बसेनात,
आई डबा उघडेना,
उर्वी उठेना,
मी घरी जाऊ कसा?
माडदादा, सावली दे ना."

माड म्हणाला, "होडी हलली की देईन. सगळ्या सावलीत तीच पसरलीय."

घार आता खाली खाली येऊ लागली. टिचकू गेला होडीकडे. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका.

"माड सावली देईना,
बकरी टोपी देईना,
बाबा बसेनात,
आई डबा उघडेना,
उर्वी उठेना,
मी घरी जाऊ कसा?
होडीमावशी, हल ना."

होडी म्हणाली, "लाट आली की हलेन. मला काय पाय आहेत?"

टिचकू गेला लाटेकडे. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. लाट लांब झोपली होती. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"होडी हलेना,
माड सावली देईना,
बकरी टोपी देईना,
बाबा बसेनात,
आई डबा उघडेना,
उर्वी उठेना,
मी घरी जाऊ कसा?
लाटबाई, ऊठ ना."

लाट झोपेतच म्हणाली, "कुणी चिमटा काढला की उठेन." आणि पुन्हा घुर्र घुर्र.

चिमटा? टिचकूनं इकडे पाहिलं. एक नांगी. तिकडे पाहिलं. दुसरी नांगी. इतका वेळ बिचारा सगळ्यांपुढे हात जोडत फिरला, आणि चिमटे त्याच्याच हातात.

टिचकूनं काढला चिमटा. कच्च!

लाट उठली, सळ्ळ सळ्ळ. होडी हलली, डुलूक डुलूक. माडाची सावली मोकळी झाली. बकरी सावलीत बसली आणि तिनं टोपी दिली. टोपीचा मधला भाग तिनं खाल्ला होता, कड तेवढी दिली. बाबांनी ती घातली. टक्कल बाहेर, टोपी भोवती. बाबा खूश. बाबा बसले, थप्प. आईनं डबा उघडला, टक्क. उर्वीला लाडू मिळाला.

आणि उर्वी उठली.

तेवढ्यात घार आली, सूंऽऽऽ. टिचकू पळाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका, थेट घरात. घारीला काय मिळालं? चोचभर वाळू.

उर्वीनं वाकून पाहिलं. ती म्हणाली, "आई, इथे कुणीतरी राहतं."

मग तिनं लाडवाचा छोटासा तुकडा दारात ठेवला. आतून एक नांगी आली. तुकडा घेऊन आत गेली. कुरुम कुरुम.

उर्वी पुन्हा वाळूत बसली नाही. बाबांच्या मांडीवर बसली. पण बसायच्या आधी मांडी नीट बघून घेतली. तिथे कुणाचं घर नव्हतं.

टिचकू घरात, लाडू पोटात, आपली गोष्ट कानात.