मुदपाक-गाडीची सीट

तिसरी सीटही सरकारांनी नापास केली. बसले, क्षणभर डोळे मिटले, उठले आणि म्हणाले, “ही नव्हे.”

हसनभाई पिंजाऱ्यांनी मान खाली घातली. तासगिरीचं संस्थान जाऊन पन्नास वर्षं झाली होती, पण गाव राजेसाहेबांना अजून सरकारच म्हणायचं. राजवाड्याच्या जुन्या पागेत हसनभाईंचं गाड्यांच्या कुशनचं दुकान चालायचं, तेही सरकारांच्या मर्जीवर. आणि ती मर्जी आता एका गाडीत अडकली होती. मागे बिनखिडक्यांचा बंद डबा असलेला एकोणचाळीस सालचा ट्रक. राजवाड्याच्या स्वयंपाकघरातून शिकारीच्या तळावर जेवण न्यायचा, म्हणून त्याचं नाव मुदपाक-गाडी. इंजिन झालं होतं, रंग झाला होता. आतलं सगळं मात्र वाळवीनं आणि उंदरांनी संपवलं होतं, आणि सरकारांना ते हुबेहूब पहिल्यासारखं हवं होतं. फोटो एकही नव्हता. होती फक्त सरकारांची पाच वर्षांच्या वयातली आठवण.

“खंडेनवमीला गाडीची पूजा आहे,” सरकार म्हणाले. “तोवर मला माझी ओरिजिनल सीट मिळाली नाही, तर पागा रिकामी करा. दुसरा कारागीर बसवीन.”

“जी सरकार,” हसनभाई म्हणाले. गेले तीन महिने ते एवढंच म्हणत होते.

त्यांची मुलगी झुलेखा बी.ए. झाल्यापासून पूर्णवेळ दुकानात शिलाई मशीनवर बसायची. हसनभाई घरी येताच तिनं विचारलं, “तीन सीटा केल्यात, अब्बा. त्यांना प्रश्न किती विचारलेत?”

मोठ्या माणसांना प्रश्न विचारत नसतात, असं हसनभाईंचं म्हणणं पडलं.

“मग न विचारता चौथी करा. पाचवी आपण रस्त्यावर बसून करू.”

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन थेट सरकारांपुढे उभी राहिली. कारभारी आबासाहेबांनी डोळे वटारले, पण सरकार खुशीत आले. त्या गाडीबद्दल त्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. सीट मऊ होती, पण कापसासारखी नव्हे. थंडीतही उबदार लागायची. तिला तपकिरीचा वास यायचा. आणि गाडी उभी असली तरी सीट मधूनच गदगदा हलायची!

“पाठीला बटणं होती?” झुलेखानं विचारलं.

“होती की. पितळेची. टोचायची मला.”

“किती?”

“चार. एकाखाली एक, सरळ रेषेत.”

झुलेखाची पेन्सिल थांबली. गादीची बटणं आडव्या ओळींत, शंकरपाळ्यांच्या आकारात बसतात. चार बटणं उभ्या रेषेत लावली, तर गादी दोन्ही बाजूंनी फुगून मधोमध घडी पडेल. आठवीपासून ती हे काम करत होती. असली सीट जगातल्या कुठल्याच कारागिरानं केली नसती.

ती गाडीत शिरली आणि तळाच्या फळ्या खरवडायला बसली. पुढच्या भागात बोल्टांची चार भोकं निघाली, ड्रायव्हरच्या एका सीटची. त्याच्या शेजारी भोक नव्हतं, मागच्या डब्यातही नव्हतं. तिथं फक्त डेचकी अडकवायच्या कड्या. फळीतल्या एका जुन्या खिळ्याखाली चामड्याची नखाएवढी तांबूस चिंधी मिळाली. ती तिनं वहीत ठेवली. मग विचारत विचारत वेशीबाहेरचं एक घर गाठलं.

तिथं सदबा परीट राहत होता. मुदपाक-गाडीचा ड्रायव्हर, वय चौऱ्याऐंशी. सरकार लहानपणी गाडीत कुठं बसायचे, असं तिनं विचारताच त्यानं आधी कानांवर हात ठेवले. बाळराजांनी मागं बसायचं, नोकराला शिवायचं नाही, असा राजवाड्याचा हुकूम होता. मग हळूच म्हणाला, “पर डब्यात अंधार गं. लेकरू रडायचं. पण तू बोलू नगंस हां, नोकरी जाईल माझी!”

“नोकरी सुटून वीस वर्षं झाली, आजोबा. चला, तयारीला लागा.”

खंडेनवमीला सरकारांनी गाडीचं दार उघडलं. आत तांबूस चामड्याची एकच सीट होती, ड्रायव्हरची. बाकी उघड्या फळ्या आणि कड्या.

“आणि माझी सीट?” सरकार कडाडले.

“कंपनीनं दिली होती तेवढी सगळी बसवली, सरकार. तुमची कंपनीची नव्हती.” झुलेखानं वळून कुणाला तरी हाक मारली आणि सरकारांना म्हणाली, “चार पितळी बटणं एकाखाली एक सीटला नसतात, कोटाला असतात.”

सदबा पुढे आला. पेटीच्या तळातून काढलेला ड्रायव्हरचा जुना कोट अंगावर होता, चार बटणं पोटावर ताणलेली. भीतीनं त्यानं तपकिरीची चिमूट जास्तच ओढली होती.

“सरकार नोकराच्या मांडीवर बसायचे?” आबासाहेब खवळले. “जिभेला हाड आहे का, मुली?”

“मग तपकिरीचा वास कुठल्या कंपनीच्या सीटला येतो, ते तुम्ही सांगा.”

सरकार सदबाच्या अगदी जवळ गेले. एक दीर्घ श्वास घेतला आणि लहान मुलासारखं विचारलं, “सदबा, गाडी उभी असताना ते हलायचं, ते काय रे?”

“तुम्ही माकडाची नक्कल करायचासा, सरकार. मला हसू आवरायचं न्हाई.” आणि नुसत्या आठवणीनंच त्याचं पोट गदगदा हलायला लागलं.

“हीच!” सरकार ओरडले. “हीच माझी सीट!” मग कमरेवर हात ठेवून त्यांनी झुलेखाकडे पाहिलं. “सीट मिळाली, कबूल. पण मी आता तिच्यावर बसू कसा? काम अर्धवटच म्हणायचं.”

“ओरिजिनल द्यायचं ठरलं होतं, सरकार, ते दिलं,” झुलेखा म्हणाली. “मधल्या काळात गिऱ्हाइकाचं माप वाढलं, तर त्याला दुकान जबाबदार नाही.”

सरकार इतके हसले, की त्यांना गाडीच्या दाराचा आधार घ्यावा लागला. पूजा होताच त्यांनी पागेच्या हक्काचा कागद मागवला आणि त्यावर नाव घातलं ते झुलेखाचं. आबासाहेब काही बोलणार होते, पण तोवर सदबानं गाडी सुरू केली होती आणि सरकार मागच्या डब्यात फळीवर मांडी घालून बसले होते.