फरशीतला समुद्र

एक होता राजा. भला होता, पण भारी हट्टी. त्याच्या राज्यात समुद्र कुणी बघितलासुद्धा नव्हता. जिकडे तिकडे नुसते डोंगर. आणि त्यातल्या एका डोंगरात होता थरांचा दगड. जाड थर, पातळ थर, पुन्हा जाड, पुन्हा पातळ.

फार फार पूर्वी तिथं समुद्र होता, बरं का. तेव्हा चांदोबा जवळ होता, परातीएवढा दिसायचा. तो समुद्राला ओढून आणायचा. प्रत्येक भरती वाळूचा एक थर टाकून जायची. पुनवेला-अवसेला उधाण, मग थर जाड. अष्टमीला पाणी कमी, मग थर पातळ. पुढं समुद्र गेला आणि थरांचा दगड झाला.

राजाला मुलगी झाली, मैनावती. मग राजा म्हणाला, "तिच्या महालाला याच दगडाची फरशी!" खेमा पाथरवटानं एकेक थर सोडवला. पाथरवटांची रीत अशी, की सोडवलेल्या दगडाच्या वरच्या अंगाला कोळशाची रेघ मारायची. दगड जसा निजला होता, तसाच बसवायचा, उलटा बसला तर तो जागा होतो म्हणे. पण फरशा बसवायच्या आधीच राजाला काळ्या रेघा खपेनात. "पुसा म्हणतो ना!" राजा बोले, दळ हाले. कुठली फरशी उलटी बसली, कुठली सुलटी, देव जाणे.

मग पुनव आली. तिन्हीसांजेला फरशी ओली झाली. राणीनं बोट लावून चाखलं, तर खारट!

दुसऱ्या पुनवेला पाणी घोट्याला लागलं. खिडकीतला चांदोबाही मोठा दिसायला लागला. राजा म्हणाला, "झरा फुटला असेल." हट्टी मेला!

तिसऱ्या पुनवेला चांदोबानं खिडकी भरून गेली. मग फरशीच्या सांधीसांधीतून पाणी वर आलं. काळं, गार, आवाज न करता. जमिनीवरचा लाकडी पाळणा तरंगला. मग ओहोटी लागली, आणि पाळणा मैनावतीसकट चालला खाली, दगडाच्या आत! अगं बाई, मला आत्तासुद्धा भीती वाटते. राजानं पाळणा धरला. आतून कुणीतरी ओढतच होतं.

"खेमा, फरशा सुलट कर!"

"रेघा पुसल्या, महाराज. आता मलाही कळायचं नाही."

मग राजा रडला. म्हणाला, "समुद्रा, तुझं तुला परत देतो. माझी पोर सोड."

ओढ सुटली.

मग राजानं सगळ्या फरशा उखडल्या आणि स्वतः खांद्यावर वाहून डोंगरात नेऊन ठेवल्या. महालात शेणानं सारवलेली जमीन आली. सगळी सुखात राहिली. मैनावती मोठी झाली, हसरी, गुणाची. फक्त पुनवेच्या दुसऱ्या दिवशी राणी तिची वेणी घालायला बसली, की केसांतून ओली वाळू पडायची. राणी ती मुकाट्यानं झाडून टाकायची.

झालं. पाय पांघरुणात घ्या. आणि उशी सोडून जमिनीला कान लावायचा नाही, सांगून ठेवते.