आधी आपलं नाव सांगा

ऐका, पोरांनो. आणि पोरांच्या आईबापांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका. फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता हेही आता कुणाला सांगता यायचं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी बुरुडांचं एक गाव होतं. तिथे रखमाजी नावाचे म्हातारे बुरूड राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. उभा जन्म त्यांनी सुपं-टोपल्या विणल्या. पुढे वय झालं, नावं विसरायला लागली, मग साधे शब्दही सापडेनात.

गावाला एक भारी वाईट खोड होती. जो यायचा तो आबांपुढे बसून ओरडायचा, "आबा, ओळखलं का? मी कोण, सांगा बघू!" उत्तर आलं नाही की सगळे हसायचे. अरे, माणूस आहे की जत्रेतला पोपट?

हळूहळू आबांनी बोलणं सोडलं. कुणी आलं की भिंतीकडे तोंड करायचे. मग जेवणही सोडलं.

मुलगा म्हादू हताश झाला. "यांच्यात आता काही उरलं नाही," तो बायकोला म्हणाला. "पुढच्या महिन्याचा मोठा बाजार झाला की यांना नदीपलीकडच्या मठात ठेवून येतो."

"उरलं नाही कसं? लाज उरलीय, भीती उरलीय," सगुणा म्हणाली. "रोज परीक्षा आणि रोज हसं! तुम्ही तरी तोंड उघडाल का?"

तिने पदर खोचला आणि दारात उभी राहिली. आत यायचं तर आधी आपलं नाव सांगायचं. ओळखलं का, असं विचारायचं नाही.

शेजारची यमुनाकाकू फणकारली, "अगं बाई! आता हिच्याकडून बोलायला शिकायचं?"

"शिका की," सगुणा म्हणाली, आणि वाटेतून हलली नाही.

आबांशी ती एका वेळी एकच गोष्ट बोले. काय खाणार, असं नुसतं विचारत नसे. पेज आणि भाकरी दोन्ही समोर धरी आणि गप्प बसे. पेज निवून जाई. ती पुन्हा गरम करी, पुन्हा दाखवी. असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी आबांनी पेजेकडे बोट केलं, तेव्हा सगुणाला रडूच फुटलं.

मोठा बाजार झाला. तिथून येताच म्हादूने मठात जायला गाडी जुंपली. आत येऊन सवयीने म्हणाला, "आबा, मी को..."

"अहो!" सगुणाने दटावलं. "आधी नाव सांगा. मग थांबा."

तो खाली बसला. "आबा, मी म्हादू. तुमचा मुलगा. बाजारातून आलोय." आणि थांबला. बाहेर बैल हंबरले, तरी थांबला.

आबांनी मान वळवली. त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग आपलं पेजेचं वाडगं त्याच्यापुढे सरकवलं.

"दमलास," ते म्हणाले. "जेव."

म्हादूला हुंदका आवरेना. बाहेर जाऊन त्याने बैल सोडले, आणि मठाचं नाव पुन्हा काढलं नाही.

आबांनी मुलाला ओळखलं होतं का? कोण जाणे! त्या घरात तो प्रश्न परत कुणी विचारलाच नाही.

एवढं गाठीशी बांधा: म्हाताऱ्या माणसाची आठवण तपासू नये, आपली ओळख आपण द्यावी आणि उत्तराची वाट पाहावी.